परत पाठवलेली पिशवी

पत्राचा गोषवारा: पत्र लिहिणाऱ्या ताई ४६ वर्षांच्या आहेत, सोलापुरात शिक्षिका. माहेर अक्कलकोट तालुक्यात. दोघंच भावंडं, धाकटा भाऊ शेती बघतो. टाळेबंदीच्या काळात त्यांनी गच्चीवर भाजीपाला लावायला सुरुवात केली. आज चाळीसेक कुंड्या-पिशव्या आहेत आणि माहेरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज एखादा फोटो जातो. गेल्या भाऊबीजेला भाऊ नेहमीसारखी शेतातल्या माळव्याची पिशवी घेऊन आला. ताई म्हणाल्या, "कशाला ओझं आणलंस? आता माझी घरचीच असते, बिनऔषधाची." पिशवी तशीच परत गेली. जेवताना भाऊ म्हणाला, "आक्का, तू चार वांगी पिकवलीस की फोटो टाकायलीस. मी चाळीस पोती कांदा काढला, त्याचा फोटो कोण बघायलाय?" त्याच आठवड्यात त्याचा कांदा मातीमोल भावाने गेला होता, हे ताईंना नंतर भावजयीकडून कळलं. भाऊ ग्रुपमधून बाहेर पडला, फोनवर हो-नाही एवढंच बोलतो. इकडे यजमान म्हणतात, टँकर मागवून मेथी पिकवायची ही कुठली शेती? ताईंचे प्रश्न तीन आहेत. हा उद्योग बंद करू का? शेतकऱ्याची मुलगी असून मी शेतीचं नाटक करतेय का? की भावाला माझं कौतुक सहन होत नाही? पत्राच्या तळाशी एक ओळ आहे: "जमिनीवर सही करून दिली त्याला बारा वर्षं झाली, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही."

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा मलाही वाटलं की भांडण फोटोंवरून आहे. दुसऱ्यांदा वाचताना पिशवीपाशी अडखळले. फोटोंबद्दल तुम्ही दीड पान लिहिलंय आणि पिशवीला जेमतेम दोन ओळी. मी उलटं करणार आहे.

रानात पहिलं काही निघालं की ते विकायच्या आधी आपल्या माणसांकडे पोचवायचं, त्याला वानवळा म्हणतात, हे शेतकऱ्याच्या लेकीला मी काय सांगायचं. हुरड्याची कणसं, ओल्या शेंगा, पावटा, चार वाळकं, पेंडीभर हरभरा. वानवळ्याचं वजन करत नाहीत, त्याला दर नसतो. आणि लेकीकडे जाणारी पिशवी तर त्याहून वेगळी. तुम्ही बारा वर्षांपूर्वी सही केलीत. सातबाऱ्यावरून तुमचं नाव गेलं. पण त्या जमिनीतलं काहीतरी दर भाऊबीजेला, दर पंचमीला, गड्ड्याच्या जत्रेला येताना तुमच्या दारात येतच राहिलं. तुमच्या भावाला हे शब्दांत सांगता येणार नाही, कदाचित त्याच्या मनातही ते असं स्पष्ट नसेल, पण माझा अंदाज असा की ती पिशवी आणली की त्याला मोकळं वाटायचं. बहिणीचं बहिणीकडे पोचलं. यंदा तुम्ही ते ओझं म्हणून परत पाठवलंत.

तुमच्या मनात वाईट नव्हतं, हे मी धरूनच चालते. आपल्याकडे भाजी आहे, याला कशाला त्रास, एवढंच असणार. पण त्यासोबत "बिनऔषधाची" हा शब्द गेला. त्या शब्दाबद्दल मला तुमच्याशी थोडं भांडायचंय.

वांग्याचं उदाहरण घेऊ, तुमचे फोटो वांग्याचेच असतात म्हणून. वांग्यावर शेंडा आणि फळ पोखरणारी अळी येते. तुमच्या गच्चीवर सहा झाडं असतील. सकाळी चहाचा कप घेऊन वर गेलात, मान टाकलेला शेंडा दिसला, तो खुडला, अळीसकट पिशवीत घालून बांधून टाकला. झालं काम. तुमच्या भावाच्या एका एकरात पाच-सहा हजार झाडं बसतात. शेंडे खुडायला बायका लावायच्या तर हजेरी कुठून द्यायची? आणि भोक पडलेलं एक वांगं मंडईत वरच्या थरात दिसलं तर अख्ख्या पोत्याचा दर पडतो, कारण तुम्ही-आम्हीच तिथे उभं राहून किडकं बाजूला सारतो. तो फवारतो, त्यातलं निम्मं आपल्या निवडीपायी. जास्त फवारणी होते, फवारणी आणि तोडा यांच्यात जेवढे दिवस जायला हवेत तेवढे जात नाहीत, हे खरंच आहे आणि त्यावर बोललंही पाहिजे. पण ते त्याच्याशी बसून बोलायचं. सणाच्या दिवशी, उंबऱ्यावर, त्याच्या हातात पिशवी असताना तो विषय काढला की त्याचा अर्थ एकच होतो: तू विष पिकवतोस.

त्यात तो आठवडा कांद्याचा. सोलापूरच्या बाजार समितीत कांद्याची आवक वाढली की दर कसा कोसळतो, हे इथल्या लहान पोरालाही माहीत आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने ५१२ किलो कांदा इथे आणला. दर मिळाला किलोला १ रुपया. गाडीभाडं, हमाली, तोलाई वजा जाता पट्टीवर, म्हणजे अडत्याच्या हिशेबाच्या चिठ्ठीवर, उरले २ रुपये ४९ पैसे, आणि हातात पडला २ रुपयांचा, पुढच्या तारखेचा चेक. देशभर बातमी झाली. तुमच्या भावाच्या पट्टीवर काय आकडा होता मला ठाऊक नाही, तुम्हालाही नाही, कारण तुम्ही विचारलं नाहीत. "फोटो कोण बघायलाय" हे तो तुमच्या वांग्यांवर बोलला नसावा. बियाणं, रोपाची लागण, खुरपणी, काढणी, पात कापणी, वाहतूक, एवढं करून त्याच्या मालाकडे कोणी वळून बघितलं नाही आणि घरी आला तर बहिणीच्या चार वांग्यांना सदतीस अंगठे. त्याजागी मी असते तर मीही काहीतरी बोलले असते, आणि त्याच्याइतकं नेमकं नक्कीच बोलले नसते.

तेव्हा तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी. भावाला तुमचं कौतुक सहन होत नाही, असं मला वाटत नाही.

आता नाटकाचा प्रश्न. हा तुम्ही स्वतःलाच फार कठोरपणे विचारलाय. त्यामागे एक समजूत आहे: शेती म्हणजे भाऊ करतो ती. एकर, पोती, पट्टी, सोसायटीचं कर्ज. तसं असेल तर तुमच्या आईने आयुष्यभर काय केलं?

तुमच्या पत्रात आईचा उल्लेख एकदाच आहे, "आईला झाडांचं वेड होतं" म्हणून. वेड? ताई, आठवून बघा. आपल्या भागात रब्बीची ज्वारी पेरताना करडईच्या पट्ट्याशेजारी बायका स्वतःच्या दोन-चार काकऱ्या राखून घ्यायच्या. त्यात चवळी, अंबाडी, वाळूक, पावटा, राजगिरा. बी त्यांच्याच ओच्यातलं. करडईचा कोवळा पाला खुडून त्याची भाजी व्हायची, खुरपताना तण म्हणून निघालेला तांदुळजा, घोळ, पाथरी घरी यायची. परसात न्हाणीचं पाणी ज्या बाजूला जायचं तिकडे अळू, कढीपत्ता, एखादी केळ. कारल्याचा नाहीतर दोडक्याचा वेल छपरावर. यातलं काही पट्टीवर चढलं नाही, पीकपाण्याच्या नोंदीत आलं नाही. पण ज्या वर्षी ज्वारी हातची गेली त्या वर्षीही कोरड्यास याच्यावरच निघालं. ७२ च्या दुष्काळाच्या गोष्टी ज्यांच्या घरात अजून सांगतात त्यांना विचारा, कोणकोणता पाला तेव्हा खाल्ला, ते बायकांनाच नावानिशी आठवतं.

म्हणजे घरात दोन शेती होत्या. औताची वडिलांकडून भावाकडे गेली. खुरप्याची आईबरोबर संपली असं सगळ्यांनी धरलं होतं आणि ती आता तुमच्या गच्चीवर निघाली. शहरातलं कोणी यूट्यूब बघून तुळशीशेजारी चेरी टोमॅटो लावतं त्यालाही मी नावं ठेवणार नाही, पण तुमचं तसं नाही. मात्र या दोन शेतींत एक फरक आहे आणि तो विसरलात तर भाऊ चिडणारच. तुमचं वांगं किडलं तर संध्याकाळी येताना तुम्ही मंडईतून पाव किलो आणता. त्याचं किडलं तर बँकेचा हप्ता थकतो. तुमच्या गच्चीच्या मागे महिन्याचा पगार उभा आहे. म्हणून "आम्ही दोघंही शेतकरीच" असं त्याच्यासमोर चुकूनही म्हणू नका.

आता यजमानांचं. त्यांचं म्हणणं मला निम्मं पटतं. तुम्ही लिहिलंय की ड्रम, पिशव्या, स्टँड, विकतची माती यांवर आजवर चौदा हजार गेले. मेथीची जुडी दहा-वीस रुपयांना मिळते. हिशेब मांडलात तर पहिली दोन-तीन वर्षं तोटाच आहे. घरच्या भाजीने पैसे वाचतात हे सांगणारे माती फुकटात धरतात आणि स्वतःची मजुरी धरतच नाहीत. तेव्हा "बचत होते" हे कारण यजमानांना देणं बंद करा. मला आवडतं, हे कारण पुरेसं आहे. ते पत्ते खेळायला जातात तेव्हा तुम्ही हिशेब मागता का?

पण टँकरबद्दल ते बरोबर आहेत. ज्या गावात नळाला रोज पाणी येत नाही, तिथे विकतचं पाणी पालकाला घालणं शोभत नाही. आणि गरजही नाही.

सोलापूर जिल्ह्याची पावसाची सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास. कमी आहे. तरी हिशेब करा: एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. तुमची गच्ची सहाशे चौरस फूट, म्हणजे साधारण ५५ चौरस मीटर. वर्षाला कागदावर ३०,००० लिटर होतात. वाया जाणारं सोडलं तरी वीस हजारांच्या पुढे. सगळं साठवायला टाकी कुठली? पण हजार लिटरची एक जुनी टाकी पन्हाळीखाली ठेवलीत, पहिला पाऊस गच्ची धुऊन जाऊ दिलात आणि मग भरून घेतलीत तर परतीच्या पावसात भरलेली टाकी महिनाभर पुरते. बाकी रोजचं तांदूळ-डाळ-भाजी धुतलेलं पाणी आहेच, चार माणसांच्या घरात ते आठ-दहा लिटर सहज निघतं.

इथे दोन चुका मी स्वतः केल्यात म्हणून सांगते. पाणी शुद्ध करायच्या आरओ यंत्रातून जे टाकाऊ पाणी निघतं ते वाचवायचं म्हणून मी ते झाडांना घालत होते. पानांच्या कडा करपल्या, कुंडीवर पांढरा थर चढला. त्या पाण्यात क्षार गोळा झालेले असतात. फरशी पुसायला वापरा, झाडांना नको. कूलरच्या तळाशी राहिलेल्या पाण्याचंही तेच. बोअरचं पाणी आपल्याकडे मुळातच जड असतं. पालक आणि बीट ते बरंच सोसतात, घेवडा आणि गाजर सोसत नाहीत. ज्यांच्याकडे फक्त बोअर आहे त्यांनी पावसाळ्यात कुंड्या उघड्यावर ठेवून माती धुऊन निघू द्यावी आणि वर्षातून दोनदा भरपूर कुजलेलं खत मिसळावं.

दुसरी चूक फ्लॉवरची. काय सांगू, चार महिने सांभाळून लिंबाएवढा गड्डा आला. फ्लॉवर, कोबी, बटाटा, कांदा ही पिकं गच्चीवर लावूच नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. जागा खातात, पाणी खातात आणि भावाकडे, म्हणजे मंडईत, ती चांगली आणि स्वस्त मिळतात. गच्चीवर ते लावावं जे मंडईत येईपर्यंत सुकतं किंवा येतच नाही. चुका, चाकवत, अंबाडी, तांदुळजा, राजगिरा, शेपू, करडईचा पाला. सोलापूरच्या पूर्व भागात तेलुगू घरांच्या दारात पत्र्याच्या डब्यात अंबाडी दिसते, ते तिला गोंगुरा म्हणतात आणि तिची चटणी अशी करतात की आपलं ठेचा-भाकरीचं प्रेम डळमळावं. ज्यांना गच्ची नाही, फक्त गॅलरी आहे, त्यांनीही मेथी आणि कोथिंबीर करून बघावी. धणे चपलेखाली नाहीतर लाटण्याखाली हलके रगडून दोन फोडी करून पेरायचे. मेथी पंचवीस-तीस दिवसांत खुडायला येते. एकदम सगळी पेरली की एकदम सगळी खावी लागते, म्हणून दर दहा दिवसांनी एकेक पसरट ट्रे.

मातीबद्दल. तुम्ही काळी माती भरलीत आणि वर तडे गेले, तळाला चिखल झाला, असं लिहिलंय. होणारच. आपली काळी माती रानात राणी असली तरी पिशवीत घातली की ओली झाल्यावर फुगते, वाळल्यावर फाटते. एक भाग माती, एक भाग कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग कोकोपीट किंवा कुजलेला पालापाचोळा, असं मिश्रण करा. हलकं होतं, आणि गच्चीला ते बरं. फूटभर रुंद-उंच पिशवीतली ओली काळी माती तीस किलोच्या पुढे जाते. चाळीस पिशव्या एका कोपऱ्यात रचल्या असतील तर आजच पसरा, तुळईच्या, भिंतीच्या अंगाने ठेवा. जुन्या घरांच्या गच्चीवर तर इंजिनिअरला विचारल्याशिवाय ड्रम चढवूच नयेत. मातीवर आच्छादन हवंच. विकतचं काही आणू नका. उसाचं पाचट चालतं, नाहीतर शेंगांची टरफलं. सोलापुरात शेंगदाण्याच्या चटणीशिवाय घर नाही, टरफलांना तोटा नाही. दोन बोटं थर दिला की पाणी बरंच कमी लागतं.

आणि उन्हाळ्यात थांबा. त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंशांत मेथी जगवायची हट्टाने केलेली धडपड म्हणजेच तुमचा टँकर. मार्चअखेर गच्ची मोकळी करा. कढीपत्ता, गवती चहा, चार झाडं गवार आणि भेंडीची, त्यांच्यावर हिरवी जाळी, बस. बाकी पिशव्यांतली माती गच्चीवर पातळ पसरून मे महिनाभर तापू द्या. रानात नांगरट करून ढेकळं उन्हाला तापत ठेवतात ते कशासाठी? कीड मरते, अंडी मरतात. रोहिणी संपून मृग लागला, एखादा पाऊस झाला, की पुन्हा भरा. मावा आला तर ५० ग्रॅम निंबोळ्या कुटून एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, गाळा, चिमूटभर साबण टाकून संध्याकाळी फवारा. हो ताई, फवारा. तुम्हीही फवारणार. भावाला हे मुद्दाम सांगा, त्याला जरा हसू येईल.

तर बाग बंद करू नका. भावाचं काय करायचं, त्यावर येते.

तुम्ही तीन पर्याय लिहिलेत: तो बोलेपर्यंत गप्प राहणं, ग्रुपवर माफी मागणं, किंवा त्याचा कांदा शाळेतल्या सहकाऱ्यांना थेट विकून देणं. पहिल्यात वर्ष निघून जाईल. भाऊ-बहिणीतले अबोले असेच दहा-दहा वर्षांचे होतात, मूळ कारण कोणाला आठवतही नाही. ग्रुपवर माफी नको, कारण तो ग्रुपमध्ये नाही, आणि असता तरी सगळ्या चुलत-मावस भावंडांसमोर त्याच्या कांद्याचा विषय कशाला?

तिसरा पर्याय तुम्हाला सगळ्यात आवडलाय, हे पत्रातून कळतं. मला तो आज आवडत नाही. कल्पना चांगली आहे. वीस घरांनी वर्षाचा कांदा एकाच शेतकऱ्याकडून घ्यायचा, दोघांना परवडेल असा दर आधी ठरवायचा, हे होऊ शकतं आणि इतर वाचकांनी आपल्या नात्यातल्या शेतकऱ्याशी बोलून जरूर बघावं. पण त्यात कटकटी असतात. दहा किलोंत दोन कांदे कुजके निघाले की फोन तुम्हाला येणार, आणि तुम्ही तो भावाला लावणार. शिवाय आत्ता, या रागात, तुम्ही त्याचा कांदा विकून द्यायला निघालात तर चित्र काय होईल? पिकवलेलं फोटोत टाकणारी बहीण, आणि त्याचा न खपलेला माल खपवणारीही बहीणच. त्याला आत्ता मदत मिळण्यापेक्षा त्याच्याकडे काही मागितलं जाण्याची जास्त गरज आहे, असं मला वाटतं. आधी मागा. विक्रीचं पुढच्या हंगामात, त्याने विषय काढला तर.

काय मागायचं? बी मागा. आईच्या वेळचं काटेरी वांग्याचं, पावट्याचं, अंबाडीचं बी घरात कुठे उतरंडीत, डब्यात राखेत घातलेलं असेल तर भावजयीला विचारा. हे बहुधा तिच्याकडे असेल, त्याच्याकडे नसेल. दुकानातलं संकरित बी पुढच्या वर्षी तसंच उगवत नाही, गावरान बी धरून ठेवता येतं. त्यांच्याकडे राहिलं नसेल आणि तुमच्याकडे एखादं असेल तर उलट तुम्ही न्या. सल्ला मागा. तुमच्या दोडक्याला नुसती नर फुलं येतात म्हणून तुम्ही मला विचारलंय, ते मला कशाला विचारता? घरात शेतकरी आहे. (सुरुवातीला नर फुलंच येतात, थोडा दम धरा. पण हे त्याच्या तोंडून ऐका.)

फोटो बंद करायची गरज नाही. रोजचा एक कमी केलात तर ग्रुपमधली बाकीची मंडळीही तुम्हाला दुवा देतील, एवढं मात्र खरं.

आणि ती शेवटची ओळ. "माझी काही तक्रार नाही" असं कोणी न विचारता लिहिलं की मला शंका येते. तक्रार नसेलही. पण गच्चीवर चाळीस पिशव्यांत माती भरताना त्या सहीचा काही संबंध आहे का, हे एकदा स्वतःला विचारून बघा, उत्तर मला कळवायची गरज नाही. नोंदणी केलेलं हक्कसोडपत्र मागे घेणं सोपं नसतं, आणि तुम्हाला ते करायचंय असंही दिसत नाही. मात्र ज्या बहिणींच्या सह्या अजून व्हायच्या आहेत त्यांच्यासाठी: २००५ च्या दुरुस्तीनंतर हिंदू वारसा कायद्यात वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा वाटा मुलाइतकाच आहे. सही करणं ही रीत असेल, बंधन नाही. करायची तर कागद वकिलाला दाखवून, समजून करा, आणि नको असेल तर तसं सांगा. भाऊबीजेची साडी हा जमिनीचा मोबदला नव्हे.

आता मार्गशीर्षातली अमावस्या येतेय. तुमच्याकडे येळवस, म्हणजे रानात पूजा आणि जेवणाची वेळ अमावस्या, करतातच. तुम्ही शेवटची कधी गेला होतात? शाळेला रजा टाका आणि जा. आधी फोन करा, मेसेज नको. फार लांबण लावू नका. "अरे, भाऊबीजेला पिशवी परत पाठवली ते माझं चुकलं. येळवशीला येतेय, भज्जी जास्त टाकायला सांग," एवढं पुरे. तो "बरं" म्हणेल आणि फोन ठेवेल. त्याचा अर्थ लावत बसू नका, बस धरा.

जाताना गच्चीवरचा चुका आणि मेथी न्या. भज्जीत तुरीचे ओले दाणे, पावटा, हरभरा, पात, वांगं सगळंच पडतं, तुमची मूठभर भाजी त्यात कुठे गेली ते कळणारही नाही. कडब्याच्या खोपीपाशी पूजा झाली, आंबील पिऊन झाली, मंडळी जरा सावलीला कलंडली की भावाबरोबर बांधावरून एक चक्कर मारा. कांद्याची पट्टी किती आली ते विचारा आणि त्याने सांगितलेला आकडा ऐकून घ्या. "सरकारने असं करायला पाहिजे" वगैरे नको, तो रोज तेच ऐकतो.

येताना जी पिशवी मिळेल ती घ्या. भाजी जास्त झाली तर शेजारी वाटा, शाळेत वाटा, पण घ्या. आणि विकतची माती आणणं आता थांबवा. भावाला सांगून बांधाकडेची दोन पोती माती आणि दोन पोती शेणखत टेम्पोत टाकून आणा. शेणखत मात्र उकिरड्याच्या तळचं, वर्षभर कुजलेलं, हातात घेतलं तर भुसभुशीत लागेल असं बघून घ्या. वरचं ताजं आणलंत तर त्याच्याबरोबर हुमणीची अळी येईल आणि फेब्रुवारीत तुमची सगळी वांगी मुळापासून माना टाकतील.